दलाल काढला तरी त्याचं काम राहतंयच की

"दलाल हटवा, सगळं स्वस्त होतंय" असं काहीजण म्हणतात, पण सोलापूर मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) बघा ना एकदा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ५१२ किलोचे फक्त २ रुपये सुटले, भाव किलोला १ रुपया अन् गाडीभाडं, हमाली, तोलाई (वजन करायचे पैसे) त्यातनंच कापलेली, वर चेक तोही पुढच्या तारखेचा! २०१६ ला फळं-भाजीची आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, बरं झालं, पण माल उचलायला, निवडायला, उधारीवर द्यायला कोणतरी लागतोयच ना. अडीनडीला उचल (आगाऊ पैसे) पण आडत्याच, म्हणजे हा दलालच देतो, म्हणून तर शेतकरी त्यालाच माल घालतो अन् भावावरनं भांडू शकत नाही. किरकोळवाल्याला शिव्या देऊ नका ओ, सडका कांदा त्याच्याच गळ्यात पडतो.