पार्सल, पत्ते आणि पांढरी गाडी

कुलकर्णी ए-२०१: नमस्कार. वॉचमनच्या केबिनमधलं पार्सल परस्पर दुसऱ्याच्या घरी जातं आणि फोडलंही जातं, हे योग्य आहे का? आत भविष्याचे पत्ते निघाले. एकावर सांगाडा! शिंदे वहिनींचा नातू घाबरलाय. ही सोसायटी आहे की जत्रेतला पोपटवाला?

शिंदे काकू ए-१०४: घाबरला कुठला भाऊजी, कावळ्याचा सांगाडा बघून नाचतोय. खोक्यावर घुबड होतं, मला वाटलं लेकीने ओमला पक्ष्यांची कार्डं पाठवली. चुकून फोडलं गं अश्विनी 🙏

पवार बी-१०१: माझ्या स्कूटीपुढे पांढरी गाडी कोणाची आहे?

अश्विनी बी-४०३: असू दे काकू. काका, ते टॅरो आहेत, माझेच. भविष्य बघायला नाही, चित्रांसाठी घेतले. ७८ पत्ते, सगळे झाडं-पशू-पक्ष्यांचे.

कुलकर्णी ए-२०१: दाभोलकरांच्या साताऱ्यात. बरं.

अश्विनी बी-४०३: १५व्या शतकात इटलीत हे खेळायचेच पत्ते होते. भविष्य त्यांना फार नंतर चिकटलं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पण पत्तेच ना? १२० गोल पत्ते. तुमच्या शोकेसमध्ये आहेत की दोन.

कुलकर्णी ए-२०१: ती कला आहे.

सोनाली ए-४०२: 😂😂

देशपांडे सर ए-३०३: मी शिंदे वहिनींकडे चहाला गेलो तेव्हा सगळे बघितले. शाईची रेघ सुरेख. रंग तीनच वापरलेत, डोळ्याला त्रास नाही. एकांतवासी साधूच्या जागी घुबड बसवलंय, हेही चांगलं. पण बोटं काढलीत तीन पुढे, एक मागे, कोंबडीसारखी. घुबड फांदी धरतं ते दोन पुढे, दोन मागे. आणि मोठे २२ पत्ते मन लावून केलेत, पण उरलेल्या ५६मध्ये हात कंटाळलाय. पाच पिसं, सहा पिसं, सात पिसं. हे चित्र नव्हे, मोजदाद. दहावीच्या पोराने असं दिलं असतं तर परत काढायला लावलं असतं.

पवार बी-१०१: पांढरी गाडी कोणाची?

अश्विनी बी-४०३: सर, मला पण तेच खटकलं. १९०९मध्ये लंडनला निघालेल्या संचात पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी त्या ५६ पत्त्यांनाही प्रसंग दिले होते. तलवारीची तिर्री म्हणजे काळजात घुसलेल्या तीन तलवारी. इथे तीन पिसं. काय वाटायचं ती बघून? निसर्ग दाखवायचा तर माणूस हाकललाच पाहिजे असं कोणी सांगितलं यांना?

अश्विनी बी-४०३: ‘मनोरा’ मात्र जमलाय. वीज पडून मधोमध चिरलेलं झाड.

जाधव बी-२०२: आपल्या गेटजवळच्या गुलमोहोरासारखं.

सोनाली ए-४०२: तो विजेने नाही पडला.

सेक्रेटरी ए-५०१: सदर विषयाचा ठराव झालेला आहे. रीतसर परवानगी होती. कृपया इतिवृत्त पाहावे.

जाधव बी-२०२: परवानगी फांद्यांची होती साहेब. बुंध्याची नव्हती.

सेक्रेटरी ए-५०१: पार्किंग पाहिजे म्हणून सह्या कोणाकोणाच्या होत्या तेही सांगा मग. तुमची तिसरी होती.

पवार बी-१०१: त्याच पार्किंगमध्ये, गुलमोहोराच्या जागेवर, पांढरी गाडी. कोणाची?

माने आजोबा बी-३०१: 🌹🌹 शुभ रात्री 🌹🌹

सोनाली ए-४०२: देशपांडे सर, तुम्हीच काढा कासचा संच. सैतानाच्या पत्त्यावर दवबिंदू, ती किडे खाणारी वनस्पती. काय चकाकतो, आणि किडा टेकला की संपला.

देशपांडे सर ए-३०३: डोक्यात आलंच होतं. आणि मृत्यूला कारवी. सात वर्षं वाट बघते, एकदाच फुलते आणि वाळून जाते. सांगाडा कशाला हवा?

कुलकर्णी ए-२०१: वायतुरा विसरू नका. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस.

सोनाली ए-४०२: काका 👀 कुठला पत्ता देऊ वायतुऱ्याला?

कुलकर्णी ए-२०१: मी वनस्पतिशास्त्राविषयी बोलतोय. पार्सल फोडण्याचा माझा मुद्दा कायम आहे.

अश्विनी बी-४०३: काकू, खोकं मिळालं. पण ७७च आहेत. चंद्र नाही.

शिंदे काकू ए-१०४: कोल्हे नि खेकडा आहेत तो ना? ओम उशाखाली घेऊन झोपलाय गं. काढायला गेले तर झोपेतच ओरडला. सकाळी देते. एक कोपरा चघळलाय जरासा 🙈

अश्विनी बी-४०३: राहू दे त्याच्याकडेच.

कुलकर्णी ए-२०१: म्हणजे आता पार्सल फोडणाऱ्यालाच बक्षीस.

सेक्रेटरी ए-५०१: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय मांडावेत.

पवार बी-१०१: पांढरी गाडी. साडेदहा वाजले. मला पोराला आणायला स्टँडवर जायचंय.

सेक्रेटरी ए-५०१: मेहुणे आलेत. जेवण होतंय, काढतो.