मदत हवी आहे: चालल्यामुळे बरं वाटतं, की बरं वाटतं म्हणून चालते?

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने रोज रात्री एक्सेलमध्ये नोंद करते आहे. झोप, चालणं, शेवटची कॉफी किती वाजता, मोबाईल किती वेळ, आणि दिवस कसा गेला त्याला १० पैकी गुण. सतत मरगळ असायची, तपासण्यांत काही निघालं नाही. म्हटलं, आपल्याच दिनचर्येत कुठे पाणी मुरतंय ते शोधू.

कॉफीचं कोडं लवकर सुटलं. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात (माणसागणिक बराच फरक पडतो). म्हणजे संध्याकाळी ६ ची कॉफी रात्री ११ ला निम्मी अंगात असायची. दुपारी २ नंतर घेणं सोडलं आणि पहाटे ३ ला टक्क जाग यायची ती बऱ्यापैकी थांबली.

अडलंय ते चालण्यापाशी. चाललेल्या दिवशी गुण ७-८, न चाललेल्या दिवशी ४-५. पण मुळात उत्साह असतो त्याच दिवशी माझे पाय घराबाहेर पडतात! मग कशामुळे काय झालं, हे कसं ठरवायचं?

त्यात परवा चपापलेच. दिवसाला ४ गुण टाकले, शेजारच्या रकान्यात '३५ मिनिटं' दिसलं आणि मी चाराचे सहा केले. आज चाललेय म्हणजे दिवस बराच गेला असणार, असं वाटलं म्हणून. याआधी असं किती वेळा झालं असेल, या विचाराने सगळ्याच नोंदींवरचा विश्वास डळमळलाय. आता गुण आधी लिहून मगच बाकीचे रकाने उघडते.

पुढचे सहा आठवडे रोज सकाळी नाणं उडवायचं म्हणतेय. छापा आला तर चालायचं, काटा आला तर नाही. म्हणजे निर्णय माझ्या मूडच्या हातात राहणार नाही. पण आजच्या चालण्याचा परिणाम उद्यापर्यंत टिकत असेल, तर रोज नाणं उडवून दोन्ही दिवसांची सरमिसळ होईल ना? त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच उडवावं का? मग सहा आठवड्यांत जेमतेम सहाच नाणेफेकी होतात.

शिवाय रोजच्या गुणांच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ प्रश्नावली (मनाला किती बरं वाटतंय ते मोजणारी) भरावी का? पाचच प्रश्न आहेत, पण ते मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात.

कुणी स्वतःवर असा प्रयोग केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि काटा आलेला असताना बाहेर पडावंसं फार वाटलं, तर तुम्ही काय केलंत?