मिट्शर वर्ग : एकाच्या जागी चार जहाजं कशाला?

गलबत :
महायुद्धानंतर जर्मनांची टाइप २१ पाणबुडी हाती लागली आणि अमेरिकी नौदलाने धसकाच घेतला. पाण्याखाली १७ नॉट! खवळलेल्या समुद्रात जुन्या विनाशिकांना ती सापडणं कठीण. म्हणून मिट्शर, जॉन एस. मॅकेन, विलिस ए. ली आणि विल्किन्सन या चार मोठ्या विनाशिका १९५३-५४ मध्ये ताफ्यात आल्या. तोफ नवी, पाणबुडीवर मारायचं रॉकेट नवं, बॉयलरही नवे. युद्धात दर चौरस इंचाला ६०० पाउंड दाबाची वाफ चालायची, इथे एकदम १२००. व्हायचं तेच झालं, बॉयलरांनी छळ मांडला. माझं म्हणणं, एका जहाजावर करून बघायचं होतं.

तांडेल७२ :
असहमत. एका जहाजाने काय कळणार? ते गोदीत गेलं की प्रयोग बंद. आणि पुढच्या फॉरेस्ट शर्मन वर्गाची १८ जहाजं १२०० पाउंडांवरच चालली ना? कुणीतरी आधी हात भाजून घ्यायलाच हवे होते.

बॉयलरवाला :
हात भाजणं इतकं सोपं वाटतं का राव? मी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवली, तीही निम्म्या दाबावर. ५०० अंशांच्या आसपासची कोरडी वाफ गळते तेव्हा दिसत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. जुने लोक झाडूचा दांडा पुढे धरून चालायचे. दांडा कापला गेला की समजायचं, इथेच आहे. तळात उभं राहणाऱ्या पोरांना विचारा, प्रयोग किती जहाजांवर हवा ते.

तांडेल७२ :
काका, धोका नाकारत नाही. पण मग वाफेची जहाजं बांधायचीच नाहीत का?

गलबत :
बांधा की! पण टिमरमन विसरलात. गिअरिंग वर्गातली ती विनाशिका खास इंजिनांच्या चाचणीसाठीच बनवली होती, तिथे २००० पाउंडांपर्यंत मजल मारली होती. ती ताफ्यात आली सप्टेंबर १९५२ मध्ये आणि मिट्शर मे १९५३ मध्ये. आठ महिने! पेपर तपासून व्हायच्या आत पोरगं वरच्या वर्गात.

चहाबिस्कीट :
बॉयलर सोडून बोला जरा. ५ इंची मार्क ४२ तोफ याच जहाजांवर आली आणि पुढे कितीतरी विनाशिका-फ्रिगेटांवर बसली. मिट्शर आणि मॅकेनवर साठच्या दशकात विमानं पाडणारी टार्टर क्षेपणास्त्रं चढवली, दोघी १९७८ पर्यंत टिकल्या. हे काय भंगार म्हणायचं?

बॉयलरवाला :
आणि ली, विल्किन्सन? १९६९ मध्ये निवृत्त. जेमतेम पंधरा वर्षं. तुमची तोफही मिनिटाला ४० गोळ्यांची म्हणून आली, पुढे २८ वर आणावी लागली.

चहाबिस्कीट :
२८ सुद्धा कमी नाहीत हो काका.

गलबत :
तोफेचं मान्य. बॉयलरचं नाही. आणि बॉयलरवाले काका, त्या झाडूवर वेगळा धागा काढाच.