मदत हवी आहे: तळघरातल्या काल्पनिक रेल्वेची प्रवासी गाडी चढावर घसरते

घाटमार्ग
नमस्कार. तळघरात मॉडेल रेल्वे उभारतोय. कुठल्याही खऱ्या मार्गाची नक्कल नाही. कंपनीचं नाव, डब्यांचा रंग, स्थानकं, सगळं माझं मीच ठरवलंय. मुख्य मार्ग भिंतीच्या कडेने फिरतो, मग चढ घेऊन पुलाने स्वतःलाच ओलांडतो आणि वर खाणीच्या स्थानकात पोचतो. मालगाडी व्यवस्थित चढते. प्रवासी गाडी चढत नाही. चढ सुरू होतो तिथे इंजिन अडखळतं आणि पुलाअलीकडच्या वळणावर मधले डबे आतल्या बाजूला आडवे होतात. रूळ उखडून परत बसवले, चाकं तपासली, फरक शून्य. पुढे दुसरं इंजिन जोडू का? मला डोंगराचं काम सुरू करायचंय, कृपया लवकर सांगा.

सांधेवाला
स्केल कोणतं, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान? चढ किती टक्के? वळणाची त्रिज्या? डब्याची लांबी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

छोटीलाइन
तळघरात जागा कमी असेल तर सरळ एन स्केलवर या. १:१६०, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी. त्याहून मोठ्या एचओ स्केलमध्ये जे वळण कोंबावं लागतं ते एनमध्ये ऐसपैस बसतं. मी बदललं आणि सुटले.

घाटमार्ग
एचओच आहे, अजून काय असणार? १:८७. डबे, इंजिनं सगळी घेऊन झालीत, आता स्केल बदलणार नाही. त्रिज्या ५५ सेमी. डीसीसी आहे, म्हणजे प्रत्येक इंजिन डिजिटल पद्धतीने वेगळं चालवता येतं. प्रवासी डबे लांबवाले. चढ मोजला नाही, पण डोळ्यांना फार वाटत नाही.

सांधेवाला
डोळ्यांवर जाऊ नका, टेपने मोजा. चढ सुरू होतो तिथपासून पुलापर्यंत रुळाची लांबी किती? पुलाखालच्या रुळापासून पुलावरच्या रुळापर्यंत उंची किती?

कोरडीहवा
तळघर म्हटल्यावर आधी आर्द्रतेचं बघा. डीह्युमिडिफायर आहे का? लोक म्हणतात रूळ तापून वाढतात. निकेल सिल्व्हरचा १० मीटर रूळ तापमान २० अंशांनी वाढल्यावर जेमतेम तीन-साडेतीन मिमी वाढतो. खरा खेळ लाकडाचा असतो. प्लायवूड आणि फळ्या दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात आणि रुळांचे जोड ढकलतात. सगळं लाकूड खालून-वरून रंग लावून बंद करा.

सांधेवाला
सल्ला योग्य आहे, पण इथे लागू नाही. हवेचा दोष असता तर मालगाडीही घसरली असती. एकाच गाडीला, ठरावीक जागीच त्रास होतोय, म्हणजे भूमिती चुकतेय.

कोरडीहवा
भूमिती लाकडावरच उभी असते हो.

घाटमार्ग
मोजलं. चढाची लांबी २८० सेमी, पुलापाशी रूळ ते रूळ १० सेमी.

गणिती
१० भागिले २८०, म्हणजे ३.६ टक्के. वळणावर चाकांचं घर्षण वाढतं, त्याचा भार वेगळा धरावा लागतो. एचओसाठी ठोकताळा असा: ८१ ला सेंटिमीटरमधल्या त्रिज्येने भागा. ८१ भागिले ५५, सुमारे दीड टक्का. म्हणजे इंजिनाला तो चढ पाच टक्क्यांसारखा पडतो.

आता डबे. खरा ८५ फुटी डबा एचओमध्ये सुमारे ३० सेमी भरतो. लांब डबे बिनघोर धावायला त्रिज्या डब्याच्या तिप्पट लागते, म्हणजे ९० सेमी. तुमची दुप्पटही नाही. ४० फुटी मालडबा १४ सेमीचा, त्याच्यासाठी तुमचं वळण जवळजवळ चौपट आहे. मालगाडी चढते ती म्हणून.

डबे आत पडतात कारण पुढून ओढ आणि मागून वजन, यात ओळ सरळ व्हायला बघते. मधला हलका डबा सगळ्यात आधी उचलला जातो. डबे जोडणारं कपलिंग डब्याच्या अंगाला आहे की बोगीला, म्हणजे डब्याखालच्या फिरत्या चाकांच्या सांगाड्याला? आणि डबा एकदा वजनकाट्यावर ठेवा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने ३० सेमीच्या डब्याचं वजन साधारण १९५ ग्रॅम हवं.

घाटमार्ग
कपलिंग अंगाला. डबे १३० ते १४० ग्रॅमच्या आसपास. माझा प्रश्न दुसऱ्या इंजिनाचा होता.

जोडइंजिन
लावा की! मी नेहमी दोन लावतो. ताकद दुप्पट, प्रश्न मिटला.

गणिती
पुढे लावून मिटणार नाही. डब्यांचं वजन तेच, चढ तोच, त्यामुळे पहिल्या कपलिंगवरची ओढ तेवढीच राहते. ताकद वाढली की घसरलेली गाडी थांबण्याऐवजी फरफटत जाईल. लावायचंच तर मागे लावा, म्हणजे ओढ वाटली जाते. त्यासाठी डीसीसीमध्ये दोन्ही इंजिनांचे वेग जुळवून घ्यावे लागतात. मागचं इंजिन जोरात असेल तर डबे वळणाबाहेर ढकलले जातील.

जोडइंजिन
माझ्याकडे पुढे दोन लावूनच चालतंय. पुस्तकी हिशेब प्रत्यक्षात वेगळा पडतो.

सांधेवाला
तुमच्याकडे वळणाची त्रिज्या किती?

जोडइंजिन
९०.

खडीवाली
घाटमार्गदादा, खडी टाकताना एक लक्षात ठेवा. पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घाला, नाहीतर गोंद खडीवर मण्यांसारखा थांबतो, आत मुरत नाही. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र ड्रॉपरही नेऊ नका. एकदा पातं चिकटलं की सांधाच बदलावा लागतो.

घाटमार्ग
ताई, खडी अजून लांब आहे. आधी गाडी चढू दे.

जुनासिग्नल
अवांतर आहे, पण काल्पनिक रेल्वे म्हटल्यावर जॉन ॲलन यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांची गोरी अँड डिफीटेड ही अशीच तळघरातली, एचओमधली, पूर्ण कल्पनेतली रेल्वे. छतापासून जमिनीपर्यंत डोंगर. १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच ती आगीत जळाली. आजही तिचे फोटो पाहिले की जीव हळहळतो. ॲलन मॅक्लेलँड यांची व्हर्जिनियन अँड ओहायोही काल्पनिकच, पण त्यांनी तळघराबाहेरच्या जगाशी ती जोडली. गाडी लपवलेल्या यार्डातून येते, तिथेच जाते, आणि ती दूरच्या गावाहून आली असं पटतं. लपवलेलं यार्ड ठेवलंय का तुम्ही?

घाटमार्ग
नाही. आधी चढ.

सांधेवाला
चढाकडेच येतो. वरचा मार्ग एकटा १० सेमी का चढतोय? तो ५ सेमी चढवा आणि पुलाखालचा ५ सेमी उतरवा. उंचीचा फरक तोच राहतो, चढ मात्र अर्धा होतो, १.८ टक्के. खालच्या मार्गाला उतरायला आणि परत वर यायला लांबी हवी, तेवढी मिळते का?

घाटमार्ग
उताराला दोन्हीकडे तीन-तीन मीटर मिळतील, पण एका बाजूला स्थानक आहे. आणि खाली सलग प्लायवूडचं टेबल आहे, रूळ त्याच्यात घुसणार कसा?

सांधेवाला
ही टेबलाची गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती. रुळाच्या दोन्ही बाजूंनी जिगसॉने प्लायवूड कापा, टोकं जोडलेली राहू द्या, आणि मधली पट्टी खालच्या ठोकळ्यांवर हवी तेवढी खाली किंवा वर घ्या. यात दुसरा फायदा मोठा आहे. सलग प्लायवूडची पट्टी स्वतःच हळूहळू वाकते, चढाच्या सुरुवातीला कोपरा राहत नाही. तुमचं इंजिन तिथेच अडखळतं: सपाटी संपते, चढ एकदम लागतो आणि मधली चाकं अधांतरी होतात. सर्वात लांब डब्याच्या लांबीइतकं तरी अंतर चढ वाढत जायला द्या. चढ संपतो तिथेही तसंच, नाहीतर माथ्यावर कपलिंग सुटतील.

राहिलं स्थानक. ते सरकवा. खऱ्या मार्गाची नक्कल करणाऱ्याला स्थानक हलवता येत नाही, तुम्हाला येतं. तुमची रेल्वे, तुमचं वेळापत्रक.

छोटीलाइन
एनमध्ये हे काहीच करावं लागलं नसतं.

गणिती
चढ कमी झाला तरी ५५ ची त्रिज्या तशीच राहते, म्हणून लांब डबे वर नेऊच नका. खाणीच्या फाट्यावर ६० फुटी डबे ठेवा. एचओमध्ये ते २१ सेमी होतात, त्रिज्या अडीच पटीच्या वर जाते. खाणकामगारांची दोन-तीन डब्यांची गाडी तिथे शोभेलही. लांब डब्यांची एक्सप्रेस खालच्या मुख्य मार्गावर पळू दे. तिथली वळणं किती?

घाटमार्ग
खाली ७५. तिथे एक्सप्रेस कधीच घसरली नाही.

चढाच्या तोंडाचे स्क्रू काढून पट्टी मोकळी केली, पातळ पाचरी घालून चढ हळू वाढवला. इंजिन आता अडखळत नाही. वळणावर लांब डबे अजून पडतात, ते वर नेणं बंद. आखूड डबे घेतो, वजनही भरतो. टेबल उद्यापासून कापतो, स्थानक पायऱ्यांच्या बाजूला जाईल. सांधेवाले, गणिती, मनापासून आभार.

सांधेवाला
कापण्याआधी पुलाखालून सर्वात उंच डबा पार होतो का ते बघा. पुलाची जाडी वजा करून रुळावर ७६ मिमी मोकळे हवेत. आणि पट्टी स्क्रूने पक्की करायच्या आधी क्लॅम्पवर धरून गाडी उलटी ढकलत न्या. मागे जाताना टिकली तरच ठोका.

कोरडीहवा
कापलेल्या कडांना रंग लावायला विसरू नका.