ब्लॅक हिस्ट्री मंथ: तुमच्या लायब्ररीत काय मांडलं, काय केलं?

मंडळी, न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक लायब्ररीत मी मुलांचा विभाग सांभाळते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा हा महिना, म्हणजे फेब्रुवारी, आला की दर्शनी टेबलावर मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि ओबामांची पुस्तकं लागतात, मार्च उजाडला की परत कपाटात जातात. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतल्या एका आठवड्यापासून हे सुरू केलं, कारण हा इतिहास शाळांनी शिकवावा अशी त्यांची तळमळ होती. (लिंकन आणि गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस त्याच आठवड्यात येतात.) १९७६ पासून त्याचा महिना झाला. तुमच्याकडे कशासमोर वाचक थांबले, कशावर प्रश्न विचारले, ते ऐकायचंय. सविस्तर लिहा.

व्हर्जिनियाहून
मी अलेक्झांड्रियाजवळ राहते. इथे लायब्ररीच या इतिहासात आहे. २१ ऑगस्ट १९३९ ला नीटनेटक्या कपड्यांतले पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक आत गेले आणि कार्ड मागितलं. नकार मिळाल्यावर प्रत्येकानं शेल्फवरून पुस्तक काढलं आणि वेगवेगळ्या टेबलांवर वाचत बसले. पोलिसांनी पाचही जणांना पकडलं. आखणी सॅम्युएल टकर या तरुण वकिलाची होती.

आम्ही वाचनकक्षाच्या मधोमध पाच लाकडी खुर्च्या मांडल्या, प्रत्येकीवर एक पुस्तक आणि कार्डाचा कोरा अर्ज. पुढून फक्त तारीख दिसायची. हकिकत खुर्चीच्या पाठीला चिकटवलेली, त्यामुळे मागे जाऊन वाचावीच लागायची. शाळकरी मुलं हमखास विचारायची, "मग त्यांना कार्ड मिळालं का?" उत्तर सांगताना माझाच संताप व्हायचा. १९४० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळी, लहानशी लायब्ररी काढून दिली गेली, आणि टकर यांनी तिचं कार्ड घ्यायचं साफ नाकारलं. त्या इमारतीत आता कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. मुलांना तिथे जरूर न्या.

क्लीव्हलंडहून
आमच्याकडे कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन घरचेच. १९२३ चं त्यांचं वाहतूक सिग्नलचं पेटंट छापून ठेवलं आणि मुलांना पुठ्ठा, काठी, दोरी दिली. त्यांच्या सिग्नलला 'थांबा' आणि 'जा' यांखेरीज तिसरी स्थितीही होती, सगळ्याच बाजूंची वाहनं थांबवणारी. ती दोरीनं जमवताना मुलांना यंत्र कळलं. माणसाबद्दलचे प्रश्न मग आपोआप आले.

अटलांटाहून
आम्ही वंशावळीचं टेबल लावतो. दोन कागद शेजारी शेजारी असतात. एक १८६० च्या जनगणनेतली गुलामांची यादी: मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. दुसरा १८७० च्या जनगणनेचा, ज्यात तीच माणसं पहिल्यांदा नावानिशी येतात. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध या दोन कागदांच्या मधे अडकतो, आणि का अडकतो हे सांगायला भाषण लागत नाही.

गुलामी संपल्यावर लोकांनी विकल्या गेलेल्या आईचा, भावंडांचा शोध घ्यायला वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. चर्चमध्ये त्या मोठ्यानं वाचून दाखवत. जाहिरातीत मालकांची नावं असतात, कोणत्या गावातून कुठे नेलं ते असतं. आम्ही प्रत्येकाला एक जाहिरात देतो आणि तो प्रवास भिंतीवरच्या नकाशावर लोकरीच्या धाग्यानं जोडायला सांगतो. मोठी माणसंच जास्त वेळ रेंगाळतात. अगदी लहान मुलांना मात्र ही जाहिरात देऊ नका.

लंडनहून
इथे हा महिना १९८७ पासून ऑक्टोबरमध्ये असतो. कॅरिबियनहून स्थलांतरितांना इथे घेऊन आलेलं विंडरश जहाज म्हटलं की सगळीकडे जुनी सुटकेस मांडतात. त्यापेक्षा कॅरिबियनहून येऊन इथल्या सरकारी रुग्णालयांत आयुष्य काढलेल्या आपल्या भागातल्या निवृत्त नर्सना बोलवा. आमच्याकडे खुर्च्या कमी पडल्या.

पुण्याहून
आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातही आम्ही हा महिना पाळतो, आणि तो उसना वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ते अर्पणपत्रिकेचं पान मोठं करून लावलं. त्याच्या शेजारी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेलं पत्र. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी त्यात मागितल्या होत्या. तिसऱ्या फलकावर १९७२ ची दलित पँथर, जिनं नावही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं. मुलं दोन फलकांमधे उभी राहून आपसात वाद घालत होती. डु बॉइस यांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. पत्र तिथूनच घ्या आणि मोठ्या आकारात छापा, म्हणजे मजकूर उभ्यानं वाचता येतो.