मी विच आहे, पण चमत्काराचा दावा करत नाही

चांदणवेल (धागाकर्ती)

आधुनिक विचक्राफ्टचं नाव काढलं की लोक एकतर हसतात, नाहीतर चार पावलं मागे सरकतात. सरळ प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. म्हणून मी काय मानते आणि काय करते ते आधी सांगते, मग खुशाल तुटून पडा.

मी एकटीने साधना करते. कव्हनमध्ये, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्या छोट्या गटात, मी नाही आणि माझी कुठली दीक्षाही झालेली नाही. विक्का हा धर्म आहे, त्यात देव आणि देवी आहेत. विचक्राफ्ट ही करायची गोष्ट आहे, ती नास्तिकालाही करता येते. माझा कल या दुसऱ्या बाजूला. देवी माझ्यासाठी एक प्रतिमा आहे, जिच्याशी बोलता येतं अशी. सैतानाची पूजा वगैरे विचारणाऱ्यांसाठी: तो ख्रिस्ती धर्मकल्पनेतला, आमच्या मांडणीत त्याला जागाच नाही.

रोजचं म्हणाल तर नाट्यमय काही नाही. सकाळी अनवाणी उभं राहून श्वासाकडे लक्ष देणं, याला ग्राउंडिंग म्हणतात. एका फळीवर वेदी मांडलेली असते: पाण्याची वाटी, थोडं मीठ, उदबत्ती, मेणबत्ती, म्हणजे चार तत्त्वं. चंद्र वाढत असताना सुरू करायच्या गोष्टी, उतरत असताना सोडायच्या. मोठा विधी असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरून वर्तुळ आखते, झाल्यावर उलट फिरून ते उघडते. मनातला संकल्प कागदावर लिहायचा, मेणबत्ती संपेपर्यंत त्याच्यापाशी बसायचं, मग सगळं वहीत उतरवायचं. या वहीला बुक ऑफ शॅडोज म्हणतात. नाव भारदस्त, आत बराचसा गिचमिड मजकूर.

पथ्यं कडक आहेत. दुसऱ्याच्या इच्छेवर मंत्र चालवायचा नाही, त्यामुळे वशीकरण बाद. आजारपणात डॉक्टर. आणि कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

माझं म्हणणं असं: मंत्राने जग वाकत नाही, मंत्र करणारा वळतो. आणि तेवढ्यासाठीही तो करण्याजोगा आहे.

तर्कटराव

शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही स्वतःच दावा सोडून दिलात की! मंत्राने फक्त तुम्हीच वळत असाल तर चंद्र कशाला हवा? वाढत्या चंद्रात लिहिलेल्या संकल्पात आणि कुठल्याही मंगळवारी दुपारी लिहिलेल्या संकल्पात फरक पडत असेल, तर तो दाखवा. पडत नसेल तर चंद्राला रजा द्या. 'मी काही दावा करत नाही' म्हणत सगळी सामग्री जागच्या जागी ठेवायची, हा दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा प्रकार झाला.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या लोकांबद्दल लिहिलेलं प्रसिद्ध आहे. किनाऱ्यालगतच्या शांत, उथळ पाण्यात मासेमारी करताना ते जादू करत नसत, कारण तिथे धोका नाही आणि मासळी हमखास. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची रेलचेल. माणसाचा ताबा सुटतो तिथे जादू सुरू होते. तुमच्या मेणबत्तीचं स्पष्टीकरण यात पुरेसं आलं असं मला वाटतं.

चांदणवेल

मॅलिनोव्स्की आणलात हे बरं केलंत, पण अर्धाच आणलात. त्याच लोकांच्या शेतीतही जादू होती, आणि जमीन, ऋतू, रोपं यांचं पक्कं ज्ञानही होतं. नुसत्या मंत्रावर पीक येईल असं त्यांना कधी वाटलं नाही, हे त्यानेच ठासून मांडलंय. काम एकीकडे, विधी दुसरीकडे, आणि दोन्हींची गल्लत नाही. मी नेमकं तेच करते.

चंद्राचं म्हणाल तर तो माझ्या सोयीने उगवत नाही, हाच त्याचा उपयोग. 29.5 दिवसांनी तो पुन्हा तिथेच येतो आणि मला बसावं लागतं. मंगळवारी दुपारी मी स्वतःला सहज टाळू शकते.

तर्कटराव

मग मोबाइलमधला गजरही चालेल. गजराला देवी कुणी म्हणत नाही एवढंच.

रानवारा

मी गेली अनेक वर्षं या मार्गावर आहे, आणि मला तर्कटरावांपेक्षा चांदणवेल यांचाच जास्त राग आला. देवी 'प्रतिमा' आहे, मंत्र 'स्वतःला वळवतो'... मग राहिलं काय? समुपदेशन आणि उदबत्ती! विधीत उभं राहिल्यावर समोर कुणीतरी असतं. तो अनुभव तुम्हाला आलेला नसेल तर तसं सांगा, पण आमच्या देवतांना मानसशास्त्राच्या खोक्यात भरू नका. ही हजारो वर्षांची परंपरा आहे. तिच्यासाठी युरोपात 90 लाख बायका चेटकिणी ठरवून जाळल्या गेल्या, त्या प्रतिमेसाठी मेल्या का?

इतिहासाचा_किडा

देवतांच्या भांडणात मी पडत नाही, पण ते 90 लाख इथे सोडून जाऊ देणार नाही.

हा आकडा 18व्या शतकाच्या अखेरीस गॉटफ्रीड क्रिस्टियान फॉइग्ट या जर्मन गृहस्थाने काढला. एका गावच्या जुन्या नोंदी घेतल्या आणि त्या सरळ अख्ख्या युरोपला आणि कित्येक शतकांना गुणल्या. खटल्यांच्या कागदपत्रांवर काम करणारे आजचे इतिहासकार साधारण 1450 ते 1750 या काळात 40,000 ते 60,000 जणांना मारलं गेलं असं मानतात. त्यात पुरुषही होते, ढोबळमानाने पाचात एक तरी. आइसलंडमध्ये तर मारलेले जवळजवळ सगळे पुरुषच. आणि जाळणं सगळीकडे नव्हतं. इंग्लंडमध्ये आणि तिच्या अमेरिकी वसाहतींत फाशी देत. 1692च्या सेलममध्ये 19 जण फासावर गेले आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. जाळलं कुणालाच नाही.

आता 'हजारो वर्षं'. युरोपात एक गुप्त प्राचीन धर्म टिकून होता आणि हे खटले त्याच्याविरुद्ध होते, ही कल्पना मार्गारेट मरे यांनी 1921 मध्ये गाजवली. पुराव्यापुढे ती टिकली नाही. आजचा विक्का आपल्याला दिसतो तो मुख्यतः जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे. मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेला हा इंग्रज. 1939 मध्ये आपल्याला एका जुन्या कव्हनने दीक्षा दिली असं तो सांगे. ब्रिटनमधला विचक्राफ्टविषयीचा 1735चा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनरचं या विषयावरचं पुस्तक आलं. (गंमत म्हणजे 1735चा कायदा जादूला शिक्षा करतच नव्हता, जादू येते असं सोंग करणाऱ्याला करत होता. तर्कटराव तेव्हा असते तर मसुदा समितीत शोभले असते.) विधींची भाषा पुढे डोरीन व्हॅलिएंटे यांनी घासूनपुसून घेतली, अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढवादी लेखकाकडून उचललेला बराच मजकूर त्यांनी काढून टाकला. वर्षाचे आठ सणही एकत्र बांधले गेले ते 1950च्या दशकात, आणि त्यातल्या शरद ऋतूतल्या सणाचं 'मेबन' हे नाव तर 1970च्या दशकातलं.

रानवारा

आकडा तुमचा घ्या. पण धर्म नवा म्हणून खोटा, असं तर म्हणत नाही ना तुम्ही? याच इतिहासाचा सगळ्यात नावाजलेला अभ्यासक रोनाल्ड हटन विक्काला इंग्लंडने जगाला दिलेला एकमेव धर्म म्हणतो, आणि ते हिणवून नव्हे. अमेरिकेत 1986 मध्ये डेटमर विरुद्ध लँडन खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने त्याला धर्म मानलं. 2007 पासून तिथल्या सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर वर्तुळातली पंचकोनी चांदणी, म्हणजे विक्काचं चिन्ह, कोरता येते. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021च्या जनगणनेत 74,000 लोकांनी पेगन (जुन्या निसर्गधर्मांना मानणारे) आणि 13,000 लोकांनी विक्का असं लिहिलंय. एवढे सगळे उदबत्त्या लावणारे वेडे?

इतिहासाचा_किडा

नवा म्हणून खोटा असं मी म्हटलेलं नाही. जुना म्हणून खरा, हे मात्र तुम्ही म्हणत होता.

बाकी डेटमरचा निकाल पुढे वाचा. विक्का हा धर्म आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्या कैद्याने मागितलेलं विधीचं साहित्य तुरुंगाने सुरक्षेसाठी नाकारलं होतं, आणि ते नाकारणं योग्यच ठरवलं.

स्पष्टवक्ती

मला खटकतं ते वेगळंच. सेलममध्ये ज्यांनी कबुली दिली त्या वाचल्या. फासावर गेले ते आरोप नाकारणारे. 'मी विच नाही' हे त्यांचे शेवटचे शब्द. यांच्यातल्या कित्येक जणी चर्चला जाणाऱ्या, भांडकुदळ किंवा गरीब, किंवा नुसत्या शेजाऱ्यांच्या डोळ्यात खुपणाऱ्या. आणि आज कुणीतरी म्हणतं, आम्ही त्यांच्या वारसदार. मरणाऱ्याने जे जीव तोडून नाकारलं तेच त्याच्या थडग्यावर लिहायचं?

हा जुना इतिहासही नाही. चेटकीण ठरवून मारहाण, हाकलणं, खून आजही अनेक देशांत होतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला 2021 मध्ये त्यावर ठराव करावा लागला. सुरक्षित घरात बसून हौसेने ही ओळख लावणं परवडतं, कारण दारात जमाव येणार नसतो.

चांदणवेल

मी वारसदार असल्याचा दावा केलेला नाही आणि करणारही नाही. त्या बायका विच नव्हत्या, हे मला मान्यच आहे. पण जमाव कशावर विश्वास ठेवतो ते बघा: ही बाई दुरून दुसऱ्याचं वाटोळं करू शकते, यावर. माझी सगळी मांडणी नेमकं हेच नाकारते. मंत्राने शेजाऱ्याचं काही बिघडत नाही असं एक विचच उघडपणे सांगत असेल, तर त्याने त्या आरोपाला बळ मिळतं की त्यातली हवा जाते?

स्पष्टवक्ती

हवा जाते, तुमच्या दिवाणखान्यात. जमाव तुमचं स्पष्टीकरण वाचून येत नाही. त्याला एवढंच कळतं की अशा बायका खरंच असतात आणि त्या स्वतःच तसं सांगतात.

मात्रा

मध्येच घुसते, माफ करा. तत्त्वज्ञान चालू द्या, पण 'नैसर्गिक आहे' म्हणून पोटात काहीही घेऊ नका. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतीचं तेल यकृत निकामी करतं, त्याने माणसं मेली आहेत. बेलाडोना ही विषारी वनस्पती जुन्या 'उडण्याच्या मलमा'च्या पाककृतींत सापडते म्हणून अंगाला चोळायची नसते. आणि स्फटिक पाण्यात ठेवून ते पाणी प्यायची टूम आहे, त्यात मॅलकाइट टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यात तांबं असतं. वेदीवर ठेवा, ग्लासात नको.

दक्षिणायन

माझी शंका छोटी आहे. सण सगळे उत्तर गोलार्धाच्या ऋतूंवर बेतलेले. दक्षिण गोलार्धातले अनेक साधक ते सहा महिन्यांनी फिरवून घेतात. इंग्लंडात ऑक्टोबरअखेर येणारा सावन (Samhain, आपला श्रावण नव्हे) हा सण ते मेच्या सुरुवातीला करतात. विषुववृत्तावर तर चार ऋतूच नाहीत. मग हे चक्र विश्वाचं की इंग्लंडच्या हवेचं?

रानवारा

जिथे उभे आहात तिथल्या मातीचं. फिरवून घेतात ते बरोबरच करतात.

सरळरेषा

तर्कटराव, 'फक्त मनावर परिणाम' म्हणून तुम्ही फार पटकन उडवून लावता. 2010 मध्ये टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या पोटाच्या जुनाट विकाराच्या 80 रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की यात औषध नाही, या प्लासिबो आहेत. तरीही गोळीवाल्यांपैकी 59 टक्क्यांना पुरेसा आराम वाटला, काहीच न घेणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांना. देवी प्रतिमा आहे हे माहीत असूनही विधी लागू पडतो, असं चांदणवेल म्हणतात त्यात मग अशक्य काय?

तर्कटराव

अशक्य काही नाही. पण तो प्रयोग तीन आठवड्यांचा, मोजमाप रुग्णाच्या सांगण्यावर, आणि कोण गोळी घेतंय हे ज्याचं त्याला ठाऊक. रुग्णांना 'प्लासिबोचा परिणाम जोरदार असू शकतो' असंही आधी सांगितलेलं होतं. दुखणं कमी वाटलं, हे मला मान्य आहे. वाटण्यापुरतं मी केव्हाही देईन. अडचण पुढची आहे: वाटलं की माणूस तिथे थांबत नाही. आज 'मन शांत होतं', उद्या 'मुलाखतीला जायच्या आधी मेणबत्ती लावली आणि नोकरी लागली'. चांदणवेल, तुमच्या त्या वहीत फसलेले संकल्प लिहिलेले असतात का?

चांदणवेल

असतात. संकल्पाखाली पान मोकळं सोडते आणि नंतर काय झालं ते तिथे लिहिते. बहुतेक वेळा 'काही झालं नाही' हेच लिहावं लागतं. ते पुसून 'देवीच्या मनात वेगळं होतं' असं मी लिहीत नाही.

तर्कटराव

मग एवढी 'काही झालं नाही' लिहूनही तुम्ही पुढची मेणबत्ती का लावता, हे मला खरंच कळत नाही. दुसरं कुठलंही साधन एवढ्या वेळा निकामी ठरलं असतं तर तुम्ही टाकून दिलं असतं.

चांदणवेल

कारण मी त्या पानावर बाहेर काय झालं ते लिहिते, आणि मेणबत्ती लावते ती त्यासाठी नाही. रागावलेली असताना बसले की उठताना मी कुणाला काय बोलायचं नाही हे ठरलेलं असतं. तुम्ही याला विचार करणं म्हणाल. म्हणा. मला नुसत्या विचाराने ते जमत नाही.

काठावरचा

वाचक आहे, साधक नाही. एक विचारतो. कुणी सतत त्रास देतंय, पाठलाग करतंय, तर त्याला 'बांधणारा' मंत्र करतात असं ऐकलंय. 'कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर' या तुमच्या नियमात ते बसतं का?

रानवारा

बसतं. वार करणाऱ्याचा हात धरणं म्हणजे इजा नव्हे. मी केलं आहे आणि पुन्हा करीन.

चांदणवेल

मी करणार नाही. आधी पोलीस, पुरावे, ओळखीच्यांना कळवणं, कुलूप बदलणं. त्यानंतर हवं तर स्वतःच्या धीरासाठी विधी करा, त्या माणसाचं नाव न घेता. बांधला असं वाटून कुणी दार उघडं टाकलं तर?

रानवारा

दार उघडं टाका असं कुणी सांगितलं? मी तक्रारही केली होती. पण नाव घेतल्याशिवाय केलेलं बंधन म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

तर्कटराव

पाकीट कोण पोचवतं, एवढंच विचारतोय पहिल्या प्रतिसादापासून.