खांदेरीच्या इतिहासात दीपस्तंभ धरायचा की नाही?

दांडिया बाजार, वडोदरा
खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या वाचनमंडळात तिच्यावर माहितीपत्रक करायचे ठरले, तेव्हा तिथला १८६७ चा दीपस्तंभ इंग्रजांचा असल्यामुळे वगळावा, असा सूर निघाला. मला हे पटत नाही. अलिबागजवळच्या थळच्या समोर, मुंबई बंदराच्या वाटेवर असलेल्या या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला तो बंदरातल्या ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर राहावी म्हणून, आणि इंग्रजांनी तिथे दिवा लावला तोही त्याच जागेच्या मोलामुळे.

रावपुरा, वडोदरा
ताई, जागा एक असली तरी हेतू एक होत नाही. महाराजांच्या आरमारातले अधिकारी मायनाक भंडारी यांची माणसे तट चढवत होती तेव्हा ते काम बंद पाडण्यासाठी इंग्रजांची जहाजे बेटाला वेढा घालून होती. त्यांना चुकवून मराठ्यांची वल्ह्यांवर चालणारी हलकी होडकी रात्री उथळ पाण्यातून रसद आणि माणसे पोचवीत राहिली. ऑक्टोबरमध्ये आपल्या आरमाराने इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत पकडले, आणि अखेर त्यांना वेढा उठवावा लागला. एवढा पराक्रम चार ओळींत उरकून, त्याच इंग्रजांनी पुढे बांधलेल्या मनोऱ्याला पानभर जागा द्यायची, हे मला अन्यायाचे वाटते.

दांडिया बाजार, वडोदरा
पानभर जागा मी मागितलीच नव्हती. परंतु आपण ज्या उथळ पाण्याचा उल्लेख केलात, माझा मुद्दा नेमका तिथेच आहे, काका. ज्या खडकाळ समुद्राने १६७९ मध्ये इंग्रजांच्या जड जहाजांना अडवले, त्याच समुद्रात जहाजे फुटू नयेत म्हणून त्यांना पुढे या अष्टकोनी मनोऱ्याची गरज पडली. दिवा वगळला तर वाचकाला त्या लढाईतले पाणीच नीट कळणार नाही. शिवाय बडोदा संस्थान लयाला गेले, म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या ओखा बंदराची हकीकत आपण तिथेच थांबवतो का?

मांजलपूर, वडोदरा
बेटावर वेताळाचे देऊळ आहे, कोळी बांधवांची तिथे श्रद्धा आहे, आणि ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा खडकही आहे. वादात या गोष्टी राहून जाऊ नयेत, एवढीच विनंती.

रावपुरा, वडोदरा
पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे. दीपस्तंभ त्या संदर्भात यावा, मात्र मुखपृष्ठावर तटाचेच छायाचित्र असावे, यावर मी ठाम आहे.